विश्लेषण : इंजिने इगतपुरीत बनतात, मग ‘महिंद्रा’ची ग्रांप्री मोटारसायकल इटलीत का घडली?

महिंद्राच्या मोटारसायकली २०११ ते २०१७ असे सात हंगाम जागतिक ग्रांप्री शर्यतींत धावल्या. सुरुवातीच्या अपयशानंतर त्यांनी तीन शर्यती जिंकल्या आणि मग कंपनीने माघार घेतली. याच गाड्यांवर धडे गिरवलेले दोन तरुण पुढे मोटोजीपीचे जगज्जेते झाले. ही मोटारसायकल कशी घडली, त्यासाठी इटलीलाच का जावे लागले आणि या सगळ्यातून भारताच्या हाती काय लागले, याचा आढावा.

घोटीचा या गोष्टीशी काय संबंध?

मुंबईहून निघालेले दुचाकीस्वारांचे जथे कसारा घाट चढून वर आले, की पहिला मोठा थांबा घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यातच घेतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तर भंडारदऱ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्यांसमोर गाड्यांची रांग लागते. त्यात केटीएम असते, यामाहा असते, एखादी लाखोंची ‘डुकाटी’ही असते. कॉलेजची मुले तिच्याभोवती घुटमळतात, हळूच फोटो काढतात. ‘ही इटलीची,’ असे कुणीतरी जाणकारासारखे सांगतो.

त्याच घोटीपासून साधारण दहा किलोमीटरवर, इगतपुरीत महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. नाशिकच्या सातपूरमध्ये याच कंपनीचा वाहन प्रकल्प आहे. तालुक्यातल्या अनेक घरांतले कुणी ना कुणी या दोन ठिकाणी किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत कामाला जाते. इंजिन, क्रँकशाफ्ट, पिस्टन हे शब्द इथल्या मुलांना पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकून ठाऊक असतात.

पण याच कंपनीच्या मोटारसायकलीने युरोपात जाऊन ग्रांप्री जिंकली होती, हे यातल्या फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना माहीत असते, त्यांना पुढचा प्रश्न पडतोच. आपल्या तालुक्यात इंजिने बनतात, तर शर्यतीची गाडी सातासमुद्रापार का बनवली? प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका ओळीत देता येण्यासारखे नाही.

ही मोटारसायकल नेमकी कोणती?

तिचे नाव ‘एमजीपी३ओ’. मोटारसायकलींची जागतिक ग्रांप्री स्पर्धा १९४९ पासून सुरू आहे. आज तिच्यात तीन मुख्य गट आहेत : सर्वांत वरचा मोटोजीपी, मधला मोटो२ आणि सर्वांत लहान गाड्यांचा मोटो३. या तिसऱ्या गटात बहुतांश स्वार सोळा ते बावीस वयाचे असतात. पुढे मोटोजीपीत नाव काढणारे बहुतेक सगळे याच शाळेतून जातात.

२०११ पर्यंत या लहान गटात १२५ सीसीची टू-स्ट्रोक इंजिने चालत. २०१२ पासून ती बंद झाली आणि २५० सीसीचे, एकाच सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन आले. ‘एमजीपी३ओ’ ही या नव्या नियमांसाठी घडवलेली गाडी.

आपल्याकडच्या १०० सीसीच्या साध्या मोटारसायकलीची ताकद साधारण आठ अश्वशक्ती असते. मोटो३ची गाडी पन्नासहून जास्त अश्वशक्ती काढते आणि लांब सरळ रस्ता मिळाला तर ताशी सुमारे २४० किलोमीटरपर्यंत पोहोचते. वजन मात्र अगदी कमी. सुरुवातीच्या नियमांत गाडी आणि स्वार मिळून किमान १४८ किलो भरले की पुरे होते.

एवढ्याशा इंजिनात अवघड काय?

नियमानुसार सिलिंडरचा व्यास जास्तीत जास्त ८१ मिलिमीटर ठेवता येतो. २५० सीसीच्या हिशेबाने पिस्टनची वर-खाली होण्याची चाल उरते साधारण ४८.५ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन रुंद आणि चाल आखूड. इंजिन वेगाने फिरवायचे असेल तर अशीच रचना लागते.

२०१५ पासून या गटात इंजिनाच्या फेऱ्यांवर मिनिटाला १३ हजार ५०० अशी मर्यादा आली. या वेगाने इंजिन फिरते तेव्हा सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे ११२ वेळा इंधनाचा भडका उडतो. पिस्टन सेकंदाला ४५० वेळा थांबून दिशा बदलतो आणि तरीही त्याचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी जवळपास ८० किलोमीटर असतो. तोही पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जागेत.

इंजिनाच्या झडपांनाही याच गतीने उघडझाप करावी लागते. फॉर्म्युला वनच्या किंवा मोटोजीपीच्या बहुतेक इंजिनांत झडपा मिटवण्यासाठी दाबलेल्या हवेचा वापर होतो. मोटो३मध्ये खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्याला परवानगी नाही. सगळा भार धातूच्या स्प्रिंगवर. स्प्रिंग जरा कमी पडली, की झडप वेळेत मिटत नाही आणि पिस्टनवर आपटते. मग इंजिनाचा चुराडा.

यावर आणखी एक अट. प्रत्येक स्वाराला हंगामभरासाठी मोजकीच इंजिने मिळतात आणि ती सीलबंद असतात. त्यामुळे इंजिन नुसते वेगवान असून भागत नाही, ते टिकावेही लागते. शिवाय सुरुवातीच्या नियमांत एका इंजिनाची विक्री किंमत १२ हजार युरोंच्या वर नेता येत नव्हती. चांगले, टिकाऊ आणि स्वस्त अशा तिन्ही अटी एकदमच पाळायच्या होत्या.

आणि फरक किती बारीक? मोटो३च्या शर्यतीत दहा-पंधरा गाड्या एकाच घोळक्यात धावतात. पुढच्या गाडीने हवा कापलेली असते, त्या आडोशात मागची गाडी कमी ताकदीत तोच वेग धरते. पण एखाद्या इंजिनात दोन-तीन अश्वशक्ती कमी असल्या, तर सरळ रस्त्यावर हा आडोसा सुटतो. एकदा सुटला की घोळका पुढे निघून जातो आणि शर्यत तिथेच संपते. स्वार कितीही चांगला असो.

त्यासाठी इटलीच का?

महिंद्राने २००८ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक मोटरचा व्यवसाय घेऊन दुचाकी क्षेत्रात पाऊल टाकले. जीप, ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीकडे मोटारसायकलींचे स्वतःचे ज्ञान जवळपास नव्हते. त्याच सुमारास बोलोन्याजवळच्या ‘इंजिन्स इंजिनिअरिंग’ या इटालियन कंपनीशी तिचा संबंध जुळला. दुसऱ्यांसाठी दुचाकींची डिझाइने करून देणारी ही कंपनी. शर्यतीच्या गाडीचे कामही इथूनच सुरू झाले.

उत्तर इटलीतल्या या भागाला ‘मोटर व्हॅली’ म्हणतात. बोलोन्यात डुकाटी, मोडेनात मासेराती, शेजारच्या मारानेल्लोत फेरारी. या मोठ्या नावांच्या आसपास शेकडो लहान कार्यशाळा आहेत. कुणी फक्त कॅमशाफ्ट घासतो, कुणी फक्त ओतीव काम करतो, कुणाकडे इंजिन तपासायचे यंत्र असते. सोमवारी चाचणीत तुटलेला भाग बदलून, सुधारून शुक्रवारपर्यंत हातात मिळू शकतो. शर्यतीच्या जगात हा वेग कशापेक्षाही महत्त्वाचा.

ही परंपरा किती जुनी आहे, हे एका गाडीच्या इतिहासावरून कळते. ‘अल्फा रोमेओ १५८’ ही इटलीची गाजलेली ग्रांप्री कार. जोआक्किनो कोलोंबो या अभियंत्याने ती १९३७ मध्ये मोडेनात आखायला घेतली, तीही एंझो फेरारी यांच्या देखरेखीखाली. फेरारी तेव्हा अल्फासाठीच काम करत होते. १९३८ मध्ये ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली. दीड लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन आणि ताकद दोनशे अश्वशक्तीच्या थोडी खाली.

मधे महायुद्ध झाले. गाड्या लपवून ठेवाव्या लागल्या. पण अभियंत्यांनी काम सोडले नाही. तेच दीड लिटरचे इंजिन दर हंगामात थोडे थोडे सुधारत गेले आणि १९५१ च्या ‘१५९’ या आवृत्तीत त्याची ताकद चारशे अश्वशक्तीच्या पार गेली. फॉर्म्युला वनचे पहिले दोन जगज्जेते, १९५० चा जुझेप्पे फारिना आणि १९५१ चा हुआन मॅन्युएल फान्जिओ, याच गाडीवर जिंकले. म्हणजे मूळ आराखडा तोच, सुधारणा मात्र बारा-तेरा वर्षांची.

शर्यतीच्या गाडीचा ‘विकास’ म्हणतात तो हाच. ती एकदा बनवून होत नाही. ती धावते, हरते, उघडली जाते आणि पुन्हा जोडली जाते. महिंद्राला ही सवय असलेली माणसे हवी होती आणि ती इटलीत होती.

इगतपुरीच्या कारखान्याचे कौशल्य याच्या अगदी उलट प्रकारचे आहे. तिथे हजारो इंजिने एकसारखी निघाली पाहिजेत. पहिले आणि दहा हजारावे इंजिन यांत फरक पडला तर ती चूक. शर्यतीच्या कार्यशाळेत मात्र या आठवड्याचे इंजिन मागच्या आठवड्यासारखेच निघाले, तर काम झाले नाही असे समजतात. दोन्ही कामे अवघडच आहेत. पण एक येते म्हणून दुसरे येईलच असे नाही.

सुरुवात कशी झाली?

२०११ मध्ये महिंद्रा १२५ सीसी गटात उतरली. जागतिक मोटारसायकल ग्रांप्रीत उतरणारी ती पहिली भारतीय कंपनी. ब्रिटनचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रोटर हे दोन स्वार होते. टू-स्ट्रोक गाड्यांचे हे शेवटचे वर्ष आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होते. तरीही कंपनी उतरली, कारण गाडीइतकाच संघ चालवण्याचा अनुभवही हवा होता. टायर, हवामान, वाहतूक, नियमांची पुस्तके, तांत्रिक तपासणी यांचीही शाळा असते.

हंगाम बेताचाच गेला. पण शेवटच्या शर्यतीआधी व्हॅलेन्सियात ओल्या रस्त्यावर झालेल्या पात्रता फेरीत वेबने सर्वांत जलद वेळ नोंदवली. १२५ सीसी गटाच्या इतिहासातल्या अखेरच्या शर्यतीत पहिल्या जागेवर महिंद्राची गाडी उभी होती.

त्यानंतरचे २०१२ हे वर्ष मात्र फार कठीण गेले. नवा गट, नवे फोर-स्ट्रोक इंजिन, पहिलीच ‘एमजीपी३ओ’. समोर होंडा आणि केटीएम. केटीएमच्या सँड्रो कोर्टेझेने तो मोसम जिंकला. महिंद्राची गाडी ना वेगात पुरी पडली ना टिकण्यात. इतक्या शर्यती आणि गुणांच्या नावाने जवळपास ठणठणाट. अनेक कंपन्या अशा वर्षानंतर दुकान बंद करतात.

मग चित्र कशाने बदलले?

महिंद्राने गाडी थांबवण्याऐवजी दुसरी मदत घेतली. २०१३ साठी स्वित्झर्लंडच्या सूटर या कंपनीशी करार झाला. माजी स्वार एस्किल सूटर यांच्या या कंपनीचा तेव्हा चांगलाच दबदबा होता. मार्क मार्केझने २०१२ मध्ये मोटो२चे विजेतेपद पटकावले ते सूटरच्या गाडीवर. तिने ‘एमजीपी३ओ’ नव्याने घडवली.

कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना रेल्वेला मागून बँकर इंजिन लावतात. घाट चढण्यापुरती ती मदत. महिंद्राने २०१३ मध्ये केले ते असेच काहीसे.

पोर्तुगालचा मिगेल ओलिव्हेरा आणि स्पेनचा एफ्रेन वाझ्केझ या दोघांनी लगेच फरक दाखवला. आदल्या वर्षी मागे रखडणारी गाडी आता पुढच्या घोळक्यात दिसू लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये मलेशियात सेपांगला ओलिव्हेराने महिंद्राला पहिला पोडियम मिळवून दिला.

त्यानंतर कामाचे केंद्र पुन्हा इटलीकडे सरकले. पण या वेळी दुसऱ्याच्या कार्यशाळेत नव्हे, तर वारेझे जिल्ह्यातल्या बेसोझो या लहान गावातल्या महिंद्रा रेसिंगच्या स्वतःच्या तळावर. गावाचा आकार पाहिला तर आपल्याकडच्या बाजारपेठेच्या गावांएवढाच. २०१४ पासून महिंद्राची गाडी इतर संघांनाही मिळू लागली. ही पायरी महत्त्वाची होती. जास्त गाड्या धावल्या की जास्त माहिती मिळते. एका स्वाराची तक्रार त्याची खोड असू शकते. सहा स्वारांनी तीच तक्रार केली, तर दोष गाडीत आहे हे नक्की.

त्याच वर्षी ओलिव्हेरा नेदरलँड्सच्या आसेनमध्ये पोडियमवर आला. दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बिंडर जर्मनीत साक्सनरिंगला दुसरा आला, तोही महिंद्रावर. २०१५ मध्ये स्पेनच्या आस्पार संघाकडे गाडी सोपवण्यात आली. या संघात दोन नवी पोरे होती. इटलीचा फ्रान्चेस्को बन्याया आणि स्पेनचा होर्हे मार्टिन. बन्यायाने त्या वर्षी फ्रान्सच्या ल मान्समध्ये तिसरा क्रमांक मिळवला. तोवर या दोघांची नावे फारशी कुणाला माहीत नव्हती.

विजय कधी मिळाला?

२६ जून २०१६. ठिकाण आसेन. १९४९ पासून ग्रांप्री भरवणाऱ्या या मैदानाला मोटारसायकलवाले ‘कॅथेड्रल’ म्हणतात. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना लॉर्ड्स जसे, तसे. तिथे १९ वर्षांच्या बन्यायाने मोटो३ची शर्यत जिंकली. त्याच्या कारकीर्दीतला हा पहिला ग्रांप्री विजय आणि भारतीय कंपनीच्या मोटारसायकलीचाही पहिलाच.

दोन महिन्यांनी, २१ ऑगस्टला, चेक प्रजासत्ताकात ब्रुनोच्या भिजलेल्या रस्त्यावर स्कॉटलंडचा जॉन मॅकफी पहिला आला. त्याच्या गाडीवर नाव होते ‘प्युजो’. प्युजोच्या दुचाकी कंपनीत महिंद्राने ५१ टक्के हिस्सा घेतला होता आणि नाव बदलले तरी आतली गाडी ‘एमजीपी३ओ’च होती. त्याच शर्यतीत होर्हे मार्टिन महिंद्रावर दुसरा आला. पहिले दोन्ही क्रमांक बेसोझोच्या गाडीचे.

३० ऑक्टोबरला सेपांगमध्ये बन्यायाने पुन्हा बाजी मारली. हंगाम संपला तेव्हा तो गुणतक्त्यात चौथा होता. त्या वर्षीचा विजेता ठरला ब्रॅड बिंडर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी महिंद्रावर चमकलेला मुलगा. आता तो केटीएमवर होता.

आसेनच्या विजयाचे बक्षीस म्हणून बन्यायाला हंगामानंतर आस्पार संघाची डुकाटीची मोटोजीपी गाडी चालवून पाहायला मिळाली. त्या एका दिवसाचे महत्त्व पुढे कळले.

जिंकू लागल्यावर माघार का?

इथे अनेकांना कोडे पडते. तळातून सुरुवात करून पाच वर्षांत विजयापर्यंत पोहोचलेल्या कंपनीने पुढच्याच वर्षी हात आखडता का घेतला?

पहिले कारण मैदानावरचे. २०१६ च्या अखेरीस बन्याया मोटो२मध्ये गेला, मार्टिन होंडाच्या संघात गेला. २०१७ मध्ये होंडा आणि केटीएमच्या गाड्या आणखी पुढे गेल्या, महिंद्राची मागे पडली. त्या वर्षी एकही विजय नाही. या खेळात सुधारणा थांबली की गाडी आहे तिथे राहत नाही, मागे जाते. कारण बाकीचे थांबलेले नसतात.

दुसरे कारण बाजारातले. शर्यतीचा खर्च कंपन्या दोन गोष्टींसाठी करतात : नाव व्हावे आणि शिकलेले तंत्र विक्रीच्या गाडीत यावे. महिंद्राच्या रस्त्यावरच्या दुचाकी मात्र ग्राहकांना फारशा भावल्या नाहीत. ‘सेंच्युरो’, ‘गस्टो’ आल्या, पण हिरो, होंडा, बजाज, टीव्हीएस यांच्या गर्दीत त्यांना जागा सापडली नाही. २०१५ ची ‘मोजो’ ही ३०० सीसीच्या आसपासची गाडी जाणकारांना आवडली, पण तिचा ग्राहकवर्ग लहान होता. ग्रांप्रीतला विजय ज्याने पाहिला, त्याला तशी गाडी शोरूममध्ये दिसत नव्हती. आणि शोरूममध्ये येणाऱ्याला ग्रांप्री माहीत नव्हती.

तिसरे कारण दिशेचे. महिंद्रा २०१४ मध्ये फॉर्म्युला ई या विजेवरच्या मोटारींच्या स्पर्धेत पहिल्या हंगामापासून उतरली होती. जून २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने तिला तिथला पहिला विजय मिळवून दिला. कंपनीचा भविष्यातला मोठा डाव विजेच्या गाड्यांवर होता. पैसा आणि माणसे तिकडे वळली. २०१७ चा हंगाम संपला आणि ‘एमजीपी३ओ’ ग्रांप्रीतून निवृत्त झाली.

यात नवल काही नाही. ज्या ‘अल्फा रोमेओ’चा दाखला वर दिला, तिनेही १९५१ चे जगज्जेतेपद जिंकल्याबरोबर फॉर्म्युला वन सोडले होते. जुन्या इंजिनातून काढता येईल तेवढी ताकद काढून झाली होती, त्याच वर्षी फेरारीने त्यांना हरवायला सुरुवात केली होती आणि नव्या गाडीसाठी पैसा उभा राहत नव्हता. शर्यतीतून बाहेर पडणे नेहमीच हरणे नसते. प्रश्न असतो तो मागे काय उरले हा.

मागे काय उरले?

स्वारांच्या बाबतीत उत्तर झळाळते आहे. बन्याया २०१८ मध्ये मोटो२चा आणि पुढे डुकाटीवर २०२२ व २०२३ मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता झाला. मार्टिनने २०१८ मध्ये मोटो३चे आणि २०२४ मध्ये मोटोजीपीचे जगज्जेतेपद मिळवले. ओलिव्हेरा आणि बिंडर यांनीही २०२० मध्ये मोटोजीपीच्या शर्यती जिंकल्या. लागोपाठच्या तीन मोसमांत मोटोजीपीचा मुकुट अशा मुलांच्या डोक्यावर चढला, ज्यांनी उमेदवारीची वर्षे महिंद्राच्या गाडीवर काढली होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. तेव्हा बन्याया गुणतक्त्यात पहिला होता, मार्टिन दुसरा. शनिवारच्या छोट्या शर्यतीत मार्टिन पहिला आणि बन्याया दुसरा आला. प्रेक्षकांनी जल्लोष केला. पण तिन्ही गटांत मिळून एकही भारतीय बनावटीची गाडी त्या रस्त्यावर नव्हती.

आणखी एक बाब खटकते. या सात वर्षांत ब्रिटन, जर्मनी, पोर्तुगाल, स्पेन, इटली, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांची मुले या गाडीवर बसली. पूर्ण हंगामासाठी ती एकाही भारतीय मुलाला मिळाली नाही. यात फक्त कंपनीला दोष देऊन चालणार नाही. स्पेन-इटलीत मूल सहा-सात वर्षांचे असताना छोट्या मोटारसायकलींच्या शर्यतींत उतरते. सोळाव्या वर्षी त्याच्यामागे दहा वर्षांचा सराव असतो. आपल्याकडे त्या वयात मुलाच्या हाती गाडीची चावी आली तर ती रस्त्यावरच्या जिवावरच्या स्टंटसाठी. महामार्गावर त्याची किंमत कोण मोजते, हे घोटीकरांना वेगळे सांगायला नको.

ज्ञानाच्या बाबतीतही हिशेब संमिश्र आहे. आराखडे कंपनीच्या मालकीचे होते, पण ते आखणारे, इंजिन उघडणारे, बिघाडाचे कारण शोधणारे हात बहुतांशी युरोपातले होते. प्रकल्प थांबल्यावर ती माणसे तिथेच राहिली. बँकर लावून घाट चढला, पण वर आल्यावर आपले इंजिन एकट्याने पुढे निघाले नाही.

यापेक्षा वेगळा रस्ता होता का?

तुलनेसाठी महाराष्ट्रातलेच दुसरे उदाहरण आहे. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. बजाजने स्वतःच्या नावाने ग्रांप्री संघ काढला नाही. त्याऐवजी केटीएमच्या लहान मोटारसायकली चाकणच्या कारखान्यात बनवायला घेतल्या. मोटो३मध्ये महिंद्राला मागे टाकणाऱ्या कंपनीच्या रस्त्यावरच्या गाड्या अशा रीतीने महाराष्ट्रात तयार होऊ लागल्या आणि इथून परदेशातही गेल्या. घोटीच्या टपरीसमोर उभी असलेली नारिंगी ड्यूक बहुधा चाकणचीच असते.

या रस्त्याने बाजार मिळाला, रोजगार मिळाला. पण केटीएमच्या ग्रांप्री गाड्यांचे इंजिन आजही ऑस्ट्रियातच घडते. म्हणजे एकीने शर्यत निवडली, दुसरीने कारखाना. शर्यतीचे इंजिन घडवणारी कार्यशाळा मात्र दोन्ही वेळा युरोपातच राहिली.

मग इथल्या मुलांनी यातून काय घ्यावे?

आशेला जागा आहे, पण ती ग्रांप्रीच्या झगमगाटात नाही, वर्कशॉपमध्ये आहे. नाशिक-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी ‘बाहा’सारख्या स्पर्धांसाठी स्वतःच्या गाड्या बांधतात. पीथमपूरच्या चाचणी मैदानावर त्या धावतात, मोडतात आणि रात्रभर जागून पुन्हा उभ्या केल्या जातात. बेसोझोत चालायचे ते काम याच जातीचे होते, फक्त जास्त बारकाईचे.

आयटीआयमध्ये लेथवर किंवा सीएनसीवर काम शिकणाऱ्या मुलालाही ही गोष्ट लागू पडते. मोडेना-बोलोन्याच्या परिसरातल्या ज्या लहान कार्यशाळांच्या बळावर ही गाडी उभी राहिली, तिथे पदव्यांची भिंत नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर हात बसलेला कारागीर असतो आणि त्याला भाग का तुटला हे शोधण्याची सवय असते. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात यंत्रे आहेत, हातही आहेत. कमी आहे ती एकच वस्तू पुन्हा पुन्हा करून, तोडून पाहण्यासाठी वेळ आणि पैसा देणाऱ्या गिऱ्हाईकाची. विजेच्या गाड्यांमुळे मोटर, बॅटरी, गिअर यांची नवी कामे येत आहेत. हे गिऱ्हाईक या वेळी तरी इथल्या वर्कशॉपचे दार ठोठावते का, यावर बरेच अवलंबून आहे.

‘एमजीपी३ओ’ला पहिल्या विजयासाठी पाचवा हंगाम उजाडावा लागला. त्यातले पहिले वर्ष जवळपास वाया गेले, तरी ते सोसले म्हणून आसेन घडले. पुढच्या वेळी असा प्रकल्प सुरू झाला, तर पहिल्या वर्षाचे अपयश सोसण्याची तयारी आणि ते अपयश उघडून पाहणारी माणसे, दोन्ही आपल्याकडची असावीत. मग इगतपुरीच्या शेजारी राहणाऱ्या मुलाला ‘ही इटलीची’ एवढेच सांगून थांबावे लागणार नाही.